रसद आणि आरमार : शियाओ जिनग्वांग यांची जीवनकथा

मार्च १९५० मध्ये चीनच्या शानदोंग प्रांतातील वेहाई बंदरात एका कोळ्याची होडी भाड्याने ठरविण्यात आली. पाहुण्यांना समोरच्या लिउगोंग बेटावर जायचे होते. त्यांच्यातील ४७ वर्षांचे एक गृहस्थ नव्या चिनी नौदलाचे सेनापती आहेत, हे कळल्यावर नावाड्याला आश्चर्य वाटले. नौदलाच्या प्रमुखाला भाड्याच्या मासेमारी होडीतून जावे लागते, हे त्याला पटेना. त्याचे ते उद्गार ऐकून सेनापतींनी बरोबरच्या अधिकाऱ्यांना तो दिवस नोंदवून ठेवण्यास सांगितले. तारीख होती १७ मार्च आणि सेनापतींचे नाव शियाओ जिनग्वांग.

चीनच्या आधुनिक इतिहासात लिउगोंग बेटाचे नाव दुःखाने घेतले जाते. छिंग राजवटीने मोठा खर्च करून उभारलेल्या बेयांग आरमाराचे ठाणे तेथे होते. १८९५ च्या आरंभी जपानने हे आरमार त्याच बंदरात कोंडून संपविले आणि त्याचे प्रमुख डिंग रुचांग यांनी आत्महत्या केली. त्यानंतर ५५ वर्षांनी त्या बेटावर पाय ठेवणाऱ्या नव्या सेनापतीपाशी नाव घेण्याजोगे आरमारच नव्हते. समुद्राचा अनुभवही नव्हता. बोटीत बसले की त्यांना मळमळत असे आणि नेमणुकीपूर्वी ही अडचण त्यांनी माओ झेडाँग यांच्या कानावर घातली होती. तरीही ते पुढची ३० वर्षे त्या पदावर राहिले.

शियाओ यांचे नाव चीनबाहेर फारसे परिचित नाही. रणांगणावरील झळाळत्या विजयांमुळे पेंग देहुआई किंवा लिन बियाओ यांची नावे जगाला ठाऊक झाली. शियाओ यांच्या वाट्याला बहुधा पिछाडी सांभाळण्याचे काम आले. सैन्याने खायचे काय, ल्यायचे काय, दारूगोळा कोठून आणायचा, जखमींना कोठे हलवायचे, हे प्रश्न त्यांच्या कारकीर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर उभे राहिले. ज्याला रसदीचे मोल कळते त्याला रसद तोडण्याचे सामर्थ्यही कळते. त्यांच्या चरित्रातील सर्वांत काळा अध्याय याच जाणिवेशी जोडलेला आहे.

चांग्शा ते मॉस्को

शियाओ यांचा जन्म जानेवारी १९०३ मध्ये हूनान प्रांतातील चांग्शा येथे एका गरीब कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. शिक्षणासाठी ते चांगजून विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांचे सहाध्यायी होते रेन बिशी, जे पुढे कम्युनिस्ट पक्षाच्या अग्रणी नेत्यांपैकी एक झाले. हूनानमधील तरुण त्या काळी मोठ्या संख्येने नव्या विचारांकडे ओढले जात होते. हे दोघे मित्र १९२० मध्ये शांघायला गेले, रशियन भाषेचे प्राथमिक धडे गिरवले आणि १९२१ मध्ये मॉस्कोत पोहोचले. लिउ शाओची हेही त्याच तुकडीत होते.

यादवी युद्धाने आणि दुष्काळाने पोळलेल्या रशियात या विद्यार्थ्यांच्या वाट्याला मोजक्या, काळ्या पावाचे तुकडे येत. पूर्वेकडील श्रमिकांसाठी काढलेल्या कम्युनिस्ट विद्यापीठात शियाओ शिकले आणि १९२२ मध्ये पक्षाचे सभासद झाले. जानेवारी १९२४ मध्ये लेनिन यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवाशेजारी मानवंदनेसाठी उभ्या राहिलेल्या आशियाई विद्यार्थ्यांत रेन आणि शियाओ हे दोघेही होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ आनयुआनच्या कोळसा खाणींतील कामगारांत काम केले. क्वोमिंतांग आणि कम्युनिस्ट यांची त्या वेळी युती होती. १९२६ च्या उत्तर मोहिमेत शियाओ राष्ट्रीय क्रांतिकारी सेनेच्या एका डिव्हिजनचे पक्षप्रतिनिधी होते. १९२७ मध्ये चँग कै शेक यांनी ही युती रक्तपाताने मोडली. शियाओ पुन्हा रशियात गेले आणि लेनिनग्राडच्या तोल्माचेव लष्करी-राजकीय अकादमीत शिकून १९३० मध्ये परतले. दोन वास्तव्यांत मिळून त्यांची सुमारे सहा वर्षे रशियात गेली. तेथे आत्मसात केलेली भाषा आणि लष्करी विद्या २० वर्षांनंतर त्यांना नौदलाच्या प्रमुखपदापर्यंत नेणार होती.

लिचुआनचा खटला

परतल्यावर ते च्यांगशी-फूच्येन भागातील लाल सेनेत दाखल झाले. डिसेंबर १९३१ मध्ये निंगदू येथे क्वोमिंतांगचे १७,००० हून अधिक सैनिक बंड करून लाल सेनेला येऊन मिळाले. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या पाचव्या सैन्यदलात शियाओ राजकीय अधिकारी झाले. परक्या छावणीतून आलेल्या सैनिकांचा विश्वास संपादन करण्याचा हा अनुभव त्यांना पुढे नौदलात उपयोगी पडला.

सप्टेंबर १९३३ मध्ये चँग यांची पाचवी घेराव मोहीम सुरू झाली. लिचुआन हे नगर कम्युनिस्ट तळाचे उत्तरेकडील दार होते आणि त्या विभागाचे सेनापती होते शियाओ. मुख्य फौज दुसरीकडे पाठविली गेल्याने त्यांच्या हाताशी सुमारे ७० जणांची तुकडी उरली होती. शत्रूचे अनेक डिव्हिजन चालून येत असताना एवढ्या बळावर नगर लढविणे अशक्य होते. शियाओ यांनी ते सोडले. त्यानंतरची हुवान येथील लढाईही फसली.

पक्षाची सूत्रे तेव्हा बो गू आणि त्यांचे जर्मन लष्करी सल्लागार ओटो ब्राउन यांच्याकडे जात होती. एक तसूभरही भूमी सोडायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. माओ यांचा लष्करी अधिकार आधीच काढून घेतला गेला होता आणि त्यांच्या मतांना मानणाऱ्यांवर कारवाया सुरू होत्या. जानेवारी १९३४ मध्ये शियाओ यांच्यावर उघड खटला चालला. त्यांना पक्षातून आणि सेनेतून काढण्यात आले आणि ५ वर्षांची कैद ठोठावण्यात आली. कैदेत असताना माओ यांनी पत्नी हे झिझेन यांच्याकरवी धीराचा निरोप पाठविला. माओ आणि वांग जियाशियांग यांच्या विरोधामुळे शिक्षा पुरी अमलात आली नाही. महिन्याभरात त्यांना बाहेर काढून लाल सेनेच्या विद्यालयात शिक्षक म्हणून धाडण्यात आले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये दीर्घ कूच सुरू झाली, तेव्हा शियाओ प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांच्या तुकडीबरोबर पायी निघाले. जानेवारी १९३५ मध्ये झुन्यी येथील बैठकीत बो गू आणि ब्राउन यांचे नेतृत्व डळमळीत झाले, माओ पुढे आले आणि शियाओ यांच्यावरील ठपका पुसला गेला. त्या दिवसांपासून त्यांची निष्ठा माओ यांच्याशी कायमची बांधली गेली. हे नाते त्यांना पुढे एकाहून अधिक वेळा तारणार होते.

येनानची पिछाडी

उत्तर शान्शीतील येनान हे गाव मराठी वाचकांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे ठाऊक आहे. सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. टेकड्यांच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहांत तेथे रुग्णालये, शाळा आणि कचेऱ्या चालत. या साऱ्या प्रदेशाच्या रक्षणाची जबाबदारी ज्या सैन्यावर होती, त्याचे प्रमुख होते शियाओ जिनग्वांग.

१९३७ मध्ये जपानविरोधी युद्ध सुरू झाले आणि लाल सेनेची आठवी मार्ग सेना झाली. तिचे मुख्य डिव्हिजन आघाडीवर गेले. मागे उरलेल्या तुकड्यांचे पिछाडी दल करण्यात आले आणि ते शियाओ यांच्या हाती आले. पीत नदीच्या काठाने जपानी सैन्याला पलीकडेच रोखणे, डोंगरांतील दरोडेखोरांच्या टोळ्या मोडणे आणि शेजारच्या क्वोमिंतांग फौजांशी उघड युद्ध न होऊ देता सीमा राखणे अशी तिहेरी कामगिरी त्यांच्याकडे होती. सर्वांत अवघड प्रश्न मात्र अन्नाचा होता. प्रदेश कोरडा आणि विरळ वस्तीचा. त्यावर हजारो सैनिक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांचा भार पडला होता. शेतकऱ्यांवर कर वाढवावा तर लोक उलटणार, न वाढवावा तर सैन्य उपाशी राहणार, असा पेच होता.

शियाओ यांच्या तुकड्यांनी १९३८ मध्येच भाजीपाला लावणे, डुकरे पाळणे, जोडे शिवणे आणि लोकर विणणे सुरू केले होते. सैनिकांचे ताट थोडे सुधारले आणि गावकऱ्यांवरील ओझे थोडे उतरले. हा प्रयोग माओ यांच्या नजरेत भरला आणि पुढच्याच वर्षी सर्व तळावर उत्पादन मोहीम सुरू झाली. जानेवारी १९४१ मध्ये क्वोमिंतांगशी नवा तंटा उद्भवला. सरकारकडून येणारा पैसा बंद झाला आणि नाकेबंदी आवळली गेली. त्याच वर्षी वांग झेन यांची ३५९ वी ब्रिगेड येनानजवळच्या नाननिवानच्या ओसाड खोऱ्यात नांगर घेऊन उतरली. हे खोरे पुढे चिनी प्रचारात स्वावलंबनाचे प्रतीक झाले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. नाकेबंदीच्या कठीण वर्षांत येनानच्या अर्थव्यवस्थेने अफूच्या व्यापाराचाही आधार घेतला होता, हे पुढील काळातील इतिहाससंशोधनाने दाखवून दिले आहे. कुदळ आणि चरखा यांच्या गौरवगाथेत हा भाग सहसा सांगितला जात नाही. तरीही सैन्याने आपले अन्न शक्य तेवढे आपणच पिकवावे, ही शिस्त शियाओ यांच्या दलात खरोखर रुजली.

लिनजियांग आणि चांगचुन

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. त्याच महिन्यात येनानहून एका अमेरिकी वाहतूक विमानाने कम्युनिस्टांच्या सुमारे २० ज्येष्ठ सेनानींना ताइहांग पर्वतराजीत उतरविले. दंग शियाओपिंग, लिउ बोचेंग, चेन यी, लिन बियाओ आणि शियाओ हे सारे त्या एकाच विमानात होते. शियाओ यांना शानदोंगला जायचे होते. वाटेत आदेश बदलला आणि ते मांचुरियात पोहोचले.

१९४६ च्या अखेरीस दक्षिण मांचुरियातील कम्युनिस्टांकडे चांगबाय पर्वताच्या कुशीतील चार छोटे तालुके तेवढे उरले होते. पाठीशी यालू नदी आणि पलीकडे उत्तर कोरिया. थंडी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरत होती आणि अनेक सैनिकांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते. येथून निघून उत्तरेस मुख्य सैन्याला मिळावे, असे अनेक सेनानींचे मत होते. शियाओ सेनापती होते आणि चेन युन राजकीय प्रमुख. डिसेंबरमधील बैठकीत चेन युन यांनी तेथेच टिकून राहण्याचा निर्णय दिला आणि शियाओ यांनी तो अमलात आणला. एप्रिल १९४७ पर्यंत क्वोमिंतांगने लिनजियांगवर चार वेळा चढाई केली आणि चारही वेळा ती परतवली गेली. काही तुकड्या शत्रूच्या पाठीमागे शिरून त्याचा पुरवठा उधळत होत्या, तर जखमी आणि साहित्य कोरियाच्या भूमीवरून हलविले जात होते.

वर्षभराने चित्र उलटले. आता वेढा पडला होता क्वोमिंतांगच्या ताब्यातील चांगचुन शहराला. झेंग दोंगगुओ यांच्या हाताखाली सुमारे एक लाख सैनिक आणि त्यांच्याबरोबर अडकलेले लाखो नागरिक आत होते. मोठी मनुष्यहानी सोसून शहरावर चालून जाण्यापेक्षा ते उपासमारीने शरण आणावे, असा निर्णय लिन बियाओ यांच्या मुख्यालयात झाला. वेढ्याची अंमलबजावणी ज्या सैन्यदलाकडे आली, त्याचे सेनापती शियाओ होते.

मे १९४८ च्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत हा वेढा चालला. विमानतळ आधीच गेला होता. विमानांतून टाकले जाणारे अन्न सैनिकांना पुरत नव्हते, मग नागरिकांच्या घरांतील धान्य ओढून नेले जाऊ लागले. खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून शहरातील अधिकाऱ्यांनी लोकांना बाहेर काढले आणि वेढा घालणाऱ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही. दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसे गवत आणि झाडांच्या साली खात राहिली आणि तेथेच मेली. पहाऱ्यावरील सैनिकांपुढे लोक गुडघे टेकीत, आया आपली मुले त्यांच्यापाशी सोडून जात. हे हाल पाहून पहारेकरी हेलावले, त्याचे अहवालही वर गेले. पुढे निर्बंध काहीसे सैल झाले, पण तोवर फार उशीर झाला होता. मृतांचा निश्चित आकडा कोणापाशीही नाही. बहुतेक अंदाज एक लाखाच्या पुढचे आहेत आणि काही त्याच्या दुप्पट-तिप्पट जातात.

ऑक्टोबरमध्ये आतील साठावे सैन्यदल बंड करून कम्युनिस्टांना मिळाले आणि काही दिवसांतच झेंग यांनीही शस्त्र ठेवले. अधिकृत इतिहासात हा प्रसंग दीर्घकाळ रक्त न सांडता मिळालेला विजय म्हणून मांडला गेला. १९८९ मध्ये चिनी सेनेतील लेखक झांग झेंगलू यांनी या वेढ्याचे भीषण वास्तव ग्रंथरूपाने मांडले. त्या पुस्तकावर बंदी आली.

शियाओ यांच्याकडे या वेढ्याची मूळ कल्पना नव्हती आणि अंतिम निर्णयही नव्हता, हे खरे. परंतु आदेशाची रोजची अंमलबजावणी त्यांच्या दलाने केली. येनानमध्ये शेतकऱ्याच्या घासावर सैन्याचा भार पडू नये म्हणून झटणारा सेनानी चांगचुनच्या वेशीवर अन्नाची वाट अडवून उभा होता. त्यांच्या चरित्रातील या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढीत नाहीत. दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

जहाजांविना नौदल

ऑगस्ट १९४९ मध्ये चांग्शा शहर वाटाघाटींनी कम्युनिस्टांच्या हाती आले आणि शियाओ अनेक वर्षांनंतर जन्मगावी सेनापती म्हणून परतले. ऑक्टोबरमध्ये माओ यांनी त्यांना बीजिंगला बोलावून नौदलाची जबाबदारी देऊ केली. आपण जमिनीवरचे शिपाई आहोत, समुद्र आपल्याला सोसत नाही, असे शियाओ यांनी सांगून पाहिले. माओ यांना खलाशी नको होता, संघटक हवा होता. नव्या नौदलाला सोव्हिएत संघाकडूनच सर्व काही शिकायचे आणि मागायचे होते, त्यामुळे रशियन जाणणारा विश्वासू सेनानी त्यांनी निवडला. जानेवारी १९५० मध्ये नेमणूक झाली आणि १४ एप्रिल १९५० रोजी नौदलाचे मुख्यालय अधिकृतपणे स्थापन झाले.

पूर्व चीनमध्ये झांग आयपिंग यांच्या हाताखाली एप्रिल १९४९ पासून एक छोटे आरमार आकार घेत होते. त्यातील जहाजे क्वोमिंतांगकडून फितून आलेली, हस्तगत केलेली किंवा व्यापारी नौकांवर तोफा चढवून बनविलेली होती. काही अमेरिकी, काही ब्रिटिश, काही जपानी. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसत नसत. जहाज चालविणे ज्यांना येत होते ते बहुतेक जुन्या राजवटीचे अधिकारी होते आणि ज्यांच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती त्या शेतकरी सैनिकांना पोहणेही येत नव्हते. निंगदूचा अनुभव गाठीशी असलेल्या शियाओ यांनी जुन्या अधिकाऱ्यांना शिक्षक म्हणून सामावून घेण्याचे धोरण राखले. जहाजांच्या आधी शाळा, हा त्यांचा क्रम होता. दालियानच्या नौदल विद्यालयाचे पहिले प्रमुखपदही त्यांच्याचकडे होते.

ऑगस्ट १९५० मधील बैठकीत नौदलाची दिशा ठरली. मोठ्या युद्धनौका परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून विमाने, पाणबुड्या आणि वेगवान टॉर्पेडो बोटी यांवर भर देऊन किनाऱ्यालगत लढू शकणारे हलके दल उभारायचे होते. त्या वर्षी मिळालेल्या ३० कोटी डॉलरच्या सोव्हिएत कर्जाचा मोठा भाग नौदलासाठी योजला होता. पण कोरियात युद्ध पेटले आणि विमानांची गरज तातडीची झाली. नौदलासाठी राखलेला पैसा मोठ्या प्रमाणात हवाई दलाकडे वळविण्यात आला. पिछाडीच्या कामात आयुष्य गेलेल्या शियाओ यांना आघाडीची निकड समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी आपली मागणी मागे घेतली आणि जे हाती होते त्यावर प्रशिक्षण चालू ठेवले. चीनच्या भावी पाणबुडी दलातील २७५ जण १९५१ मध्ये ल्युशुन येथील सोव्हिएत पाणबुड्यांवर शिकण्यासाठी पाठविले गेले. जून १९५४ मध्ये पहिल्या दोन पाणबुड्या चिनी ध्वजाखाली आल्या.

१९५२ मध्ये शियाओ स्वतः मॉस्कोला जाऊन वाटाघाटी करून आले. जून १९५३ मध्ये झालेल्या कराराने जहाजांबरोबरच ती जोडण्याचे साहित्य आणि आराखडेही मिळाले, त्यामुळे शांघाय आणि वूहान येथील गोद्यांना काम मिळाले. १९५४ आणि १९५५ मध्ये चार जुन्या सोव्हिएत विनाशिका चिंगदाओला आल्या. त्यांची किंमत १७ टन सोने होती, असे चीनमध्ये नेहमी सांगितले जाते. या चौघींना आनशान, फूशुन, ताइयुआन आणि चांगचुन या शहरांची नावे देण्यात आली. चांगचुनचा वेढा चालविणाऱ्या सेनापतीच्या आरमारात त्या शहराचे नाव मिरविणारी युद्धनौका अशा रीतीने दाखल झाली. १९५५ च्या जानेवारीत यीजियांगशान बेट घेताना चीनच्या भूदल, नौदल आणि हवाई दलाने प्रथमच एकत्रित मोहीम केली. त्याच वर्षी शियाओ यांना दाजियांग ही मार्शलच्या खालोखालची पदवी मिळाली. ती केवळ १० जणांना दिली गेली होती.

सोव्हिएत मदतीवरचे अवलंबन फार काळ टिकले नाही. १९५८ मध्ये चीनने अणुपाणबुडीचे तंत्रज्ञान मागितले, तेव्हा मॉस्कोने संयुक्त पाणबुडी ताफ्याचा प्रस्ताव मांडला. माओ यांना तो सार्वभौमत्वावरचा घाला वाटला. फेब्रुवारी १९५९ मध्ये क्षेपणास्त्र बोटी आणि पाणबुड्यांसाठी आणखी एक करार झाला खरा, पण १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ परत बोलावले गेले आणि अर्धवट आराखडे गोद्यांत पडून राहिले. येनानच्या नाकेबंदीसारखीच स्थिती पुन्हा उद्भवली. या वेळी तुटवडा धान्याचा नव्हता, पोलाद, यंत्रे आणि ज्ञान यांचा होता. पुढील वर्षांत चिनी कारखान्यांनी हे नमुने स्वतःच्या बळावर पुरे केले, तेव्हा त्यांना किती काळ आणि श्रम वेचावे लागले असतील, याची कल्पना अभियांत्रिकी क्षेत्रातील वाचकांना सहज येईल.

वादळ आणि वारसा

सांस्कृतिक क्रांतीने नौदलालाही सोडले नाही. लिन बियाओ यांचे विश्वासू ली झुओपेंग यांनी नौदलाची सूत्रे बळकावली. राजकीय प्रमुख सू झेनहुआ पदच्युत झाले. पूर्व सागर ताफ्याचे सेनापती ताओ योंग जानेवारी १९६७ मध्ये एका विहिरीत मृतावस्थेत सापडले. नौदलाचे प्रमुख स्टाफ अधिकारी झांग श्युएसी १९७० मध्ये बंदिवासात मरण पावले. शियाओ यांच्यावरही आरोपांची झोड उठली आणि ते नावापुरते सेनापती राहिले, परंतु पद गेले नाही. त्यामागे माओ यांची जुनी ओळख होती, असे मानण्यास जागा आहे. ज्यांची अशी ओळख नव्हती ते सहकारी बळी पडत असताना शियाओ त्यांना वाचवू शकले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. सप्टेंबर १९७१ मध्ये लिन बियाओ यांचे विमान मंगोलियात कोसळले, ली झुओपेंग तुरुंगात गेले आणि शियाओ पुन्हा कामावर रुजू झाले.

अणुपाणबुडीचा प्रकल्प १९५८ मध्ये हाती घेतला गेला, दुष्काळाच्या वर्षांनंतर थांबविला गेला आणि १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिली पाणबुडी डिसेंबर १९७० मध्ये पाण्यात उतरली. १ ऑगस्ट १९७४ रोजी ती नौदलात दाखल झाली, त्या वेळी आदेशाचे वाचन शियाओ यांनी केले. पाणबुडीचे नाव होते चांगझेंग १, म्हणजे दीर्घ कूच. ४० वर्षांपूर्वी शिक्षेचा डाग घेऊन त्या कूचेत पायी चाललेल्या माणसाने ते नाव वाचून दाखविले.

जानेवारी १९८० मध्ये शियाओ निवृत्त झाले आणि ये फेई सेनापती झाले. सोव्हिएत नौदलाचे प्रमुख सर्गेई गोर्शकोव्ह यांच्या २९ वर्षांच्या कारकीर्दीशी शियाओ यांच्या ३० वर्षांची तुलना सहज सुचते. गोर्शकोव्ह यांनी महासागरांत फिरणारे आरमार उभारले. शियाओ यांचे आरमार किनाऱ्यापासून फार दूर जाऊ शकत नव्हते. बोटी, पाणबुड्या आणि शाळा त्यांनी जमविल्या होत्या, दूरचा पल्ला मात्र पुढील पिढीसाठी उरला. त्यांच्या निवृत्तीनंतर चारच महिन्यांनी, मे १९८० मध्ये, एका क्षेपणास्त्र चाचणीच्या निमित्ताने १८ चिनी जहाजांचा ताफा प्रथमच दक्षिण प्रशांत महासागरात गेला. भर समुद्रात तेल पुरविणारी नवी जहाजे बरोबर होती, म्हणूनच विनाशिकांना ती मजल मारता आली.

निवृत्तीनंतर शियाओ यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. २९ मार्च १९८९ रोजी बीजिंगमध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज चीनचे नौदल जहाजांच्या संख्येने जगात सर्वांत मोठे मानले जाते आणि हिंदी महासागरातील त्याच्या हालचालींकडे भारताचेही लक्ष असते. त्या आरमाराच्या पायाशी ७० माणसांनिशी नगर राखू न शकलेला, सैन्याला भाजी पिकवायला लावणारा, हातचा निधी दुसऱ्या दलाला देऊन शाळा चालविणारा एक चिवट व्यवस्थापक उभा आहे. चांगचुनचे मृतही त्याच्या कारकीर्दीचाच भाग आहेत. पहिल्या गोष्टींचे स्मरण चीनमध्ये राष्ट्रीय समारंभांतून होते. दुसरीचे स्मरण अजूनही बहुतांशी तेथील कुटुंबांच्या मनातच राहिले आहे.